वड्याचं तेल वांगावर

चेहऱ्यावर डाग पडला, की त्याची बातमी चेहऱ्याच्या मालकाला सगळ्यांत शेवटी लागते. आधी तो भाजीवालीला दिसतो, मग समोरच्या काकूंना, मग कुठल्याशा मुंजीत पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना. अशा तीन-चार जणींनी "अगंबाई, हे काय गं?" असं विचारून झालं, की मालक आरशासमोर जाऊन उभा राहतो. या यादीत नवऱ्याचा नंबर कितवा असं विचाराल, तर तो यादीतच नसतो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला नवरा बायकोच्या चेहऱ्याकडे घड्याळाकडे पाहावं तसा पाहतो. किती वाजलेत एवढंच त्याला हवं असतं. तबकडीवर डाग पडलाय का, हे पाहायला त्याला सवड कुठली!

आमच्या हिच्या चेहऱ्यावर डाग आले ते दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर, अगदी पट्टी लावून मोजल्यासारखे, डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे, आणि चिमूटभर वरच्या ओठावर. रंग दुधाच्या चहाचा आणि कडा नकाशातल्या बेटांसारख्या. समोरच्या काकूंनी जिन्यातच निदान केलं, "वांग आलेत हो तुम्हाला!" डॉक्टर लोक याला मेलास्मा म्हणतात. पण मेलास्मा म्हटलं की आजार पाहुणा वाटतो, आणि वांग म्हटलं की घरचा. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या चिरंजीवांनी मात्र काकूंच्या निदानाला पदरचा एक अनुस्वार जोडला आणि आतून विचारलं, "वांगं? भरलेलं?"

एकदा निदान जाहीर झालं, की उपचार मागावे लागत नाहीत. ते दाराशी येऊन उभे राहतात. बटाट्याचा रस, मसुराच्या डाळीचं पीठ, साय, कोरफड, हळद... आमच्या घरात महिनाभर स्वयंपाकाला कमी आणि चेहऱ्याला जास्त शिधा लागत होता. आईने माळ्यावरून सहाण काढली आणि जायफळ दुधात उगाळून लेप द्यायला सुरुवात केली. पंधरा दिवस घरात श्रीखंडाचा घमघमाट, आणि श्रीखंड कुठेच नाही! जेवताना माझी नजर बायकोच्या गालाकडे जायची, पण त्यात प्रेमाचा भाग फार थोडा होता. आईचं म्हणणं, "आमच्या वेळी आठ दिवसांत साफ व्हायचे." पुरावा म्हणून तिने जुना अल्बम दाखवला. पण अल्बम कृष्णधवल. त्यात वांग तर सोडाच, आईचं नाकही नीट दिसत नव्हतं.

हिचे गाल सोळाव्या दिवशी लाल झाले, चुरचुरले, आणि लाली ओसरली तेव्हा बेटांची दोन मोठी खंडं झाली होती. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा स्वभाव भावकीसारखा आहे. भांडण मिटतं, पण खूण राहते. कशानेही चुरचुरली, सोलली, भाजली, की जाताजाता ती काळा डाग ठेवून जाते.

काकूंचा स्वतःचा उपाय लिंबाचा. त्यांनी मागच्या उन्हाळ्यात तोंडाला लिंबू चोळलं आणि वाळवणाच्या राखणीला गच्चीवर बसल्या. एका कामात दोन कामं. पापड छान वाळले. काकूंच्या गळ्यावर मात्र, रस जसा ओघळला होता तसे, तपकिरी ओघळ उठले ते दिवाळीपर्यंत गेले नाहीत. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असं काही असतं की त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे डाग राहतो. काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या दोष पापडखाराला देत होत्या.

शेवटी ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानातल्या मुलाने हिच्या गालाकडे अर्धी नजर टाकली आणि पाठीमागे न पाहता हात घालून एक ट्यूब काढली.

"छोटी देऊ का मोठी?"

आता आमची ही बँकेत आहे. बँकेतलं माणूस लग्नाची पत्रिकासुद्धा मागची बाजू वाचल्याशिवाय ठेवत नाही. हिने चष्मा वर करून खोका डोळ्यांशी नेला. बारीक अक्षरांत तीन औषधांची नावं, कोपऱ्यात आरएक्स, कडेला उभी लाल रेघ.

"अरे, यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलंय."

"ते छापायला लागतं, मॅडम."

"मग चिठ्ठी नको?"

"पाहिजे. पण कोणी आणत नाही."

सरकारने २०१८ साली अशी बरीच स्टेरॉइडची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, ती याच कारणासाठी. पण कायदा दिल्लीत होतो आणि ट्यूब कोपऱ्यावर मिळते, आणि या दोहोंमधलं अंतर पोस्टाने तोडायचं असतं. हिने ट्यूब परत दिली. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या घरातलं कुणी चेहऱ्यासाठी डॉक्टरकडे गेलं. आईला हे पटलं नाही. ताप आल्याशिवाय डॉक्टरकडे जाणं हे तिला भूक नसताना हॉटेलात जाण्यासारखं वाटतं.

पिशवी धरायला मी बरोबर होतो. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई हिच्यापेक्षा वयाने पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी आधी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. प्रश्न विचारले. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? आईला, बहिणींना असे डाग होते का? बाळंतपणात आले होते का? ऑफिसात खिडकीशी बसता का? शेवटच्या प्रश्नावर ही चमकली, कारण ती खिडकीची जागा हिने अठरा वर्षांच्या नोकरीनंतर मिळवली होती. काचेतून ऊन येतं, त्यातली भाजणारी किरणं काच बरीचशी अडवते, पण डाग गडद करणारी दुसरी जात काचेतून खुशाल आत येते, असं बाईंनी सांगितलं. मग दिवे घालवून एका जांभळ्या दिव्याखाली चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "रंग वरच्याच थरात दिसतोय. ऐकेल."

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी पुढे बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे.

"तुम्हाला डाग घालवायचाय की गोरं व्हायचंय?"

"म्हणजे?" ही म्हणाली.

"यातलं पहिलं माझ्याकडे मिळतं. दुसऱ्याचं दुकान वेगळं आहे."

ही म्हणाली, "मला माझा चेहरा परत पाहिजे." माझ्या ऐकण्यातलं हे हिचं सगळ्यांत छोटं मागणं.

चिठ्ठीवर रात्रीचं औषध एक आणि दिवसाच्या सूचना सतरा. आधी ऊन अडवायचं, मग औषध लावायचं. गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला चुना लावण्यात अर्थ नाही, असा त्याचा भावार्थ. उन्हापासून वाचवणारं सनस्क्रीन, तेही मातकट रंगाचं, कारण त्यातलं लोहाचं भस्म नुसत्या उजेडापासूनही राखतं आणि वांगाला नुसता उजेडही खुपतो. किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वर टोपी, छत्री किंवा ओढणी. पुण्यातल्या मुली स्कूटरवर डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात, त्यांची इतकी वर्षं चेष्टा झाली. बाईंच्या मते शहरातलं सगळ्यांत शहाणं डोकं त्या ओढणीच्या आत आहे.

रात्रीचं औषध हायड्रोक्विनोन, ४ टक्के. कसं लावायचं, हे बाईंनी पाककृतीसारखं सांगितलं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस थांबायचं. खाज, पुरळ, फोड आले तर तिथेच थांबून फोन करायचा. नाही आले तर रात्री तोंड साध्या साबणाने धुवायचं, न घासता टिपायचं, पुरतं कोरडं होऊ द्यायचं, आणि मुगाच्या दाण्याएवढं मलम दोन्ही डागांत वाटून लावायचं. डागावर. डागाच्या शेजाऱ्यावर नाही. डोळ्यांच्या, नाकपुडीच्या, ओठांच्या कडेला नाही. मग हात धुवायचे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या वाटेला जायचंच नाही. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतील, बारा आठवड्यांनी काहीही झालं तरी भेटायचं, आणि तोवर फरक नसेल तर औषध बंद.

"आणि फरक असेल तर?" मी विचारलं.

"तरी बंद," बाई म्हणाल्या.

हे मला फार आवडलं. यशस्वी झालं तरी बंद आणि अयशस्वी झालं तरी बंद, असा नियम आपल्याकडे सरकारी समित्यांनासुद्धा लावता येईल.

हे औषध काळा रंग पुसत नाही. कातडीतल्या रंगाच्या कारखान्यात ते संप घडवून आणतं, एवढंच. गोदामात आधीचा माल पडलेला असतो, तो खपायला आठवडे लागतात; म्हणून घाई करून जास्त लावलं तर माल लवकर खपत नाही, गोदामाला आग मात्र लागते. गंमत म्हणजे हे हायड्रोक्विनोन माझ्या ओळखीचं निघालं. फोटो स्टुडिओच्या अंधारखोलीत ज्या द्रावणात कागद बुडवला की त्यावर हळूहळू काळं चित्र उमटायचं, त्यात हेच असायचं. फोटो काळा करणारं द्रव्य चेहऱ्याचा काळेपणा थांबवतं! आणि त्याच स्टुडिओत 'दाखवायच्या' मुलीच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काळं करत एक गृहस्थ बसलेले असायचे, कारण निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत गोरं दिसतं. एवढी उलटीपालटी करूनच आपल्याकडे मुली गोऱ्या होत आल्या आहेत.

या औषधाच्या घराण्याचा शोधही अपघातानेच लागला. १९३९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंद केली, की कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात, रबरी मोजे जिथवर पोचत तिथवर, पांढरे पडत आहेत. गोरे नव्हेत, कोड फुटल्यासारखे पांढरे. रबर टिकावं म्हणून मोज्यांत घातलेलं रसायन हायड्रोक्विनोनचं सख्खं भावंड होतं. घराण्यात असा एक तापट भाऊ असला, की बाकीच्यांशीही जपून वागावं.

१९७५ साल आपण 'शोले'मुळे लक्षात ठेवतो. त्याच साली आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं (२०२० साली नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं). त्याच साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण छापून प्रसिद्ध केलं. आणि त्याच साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं, की उजळ होण्यासाठी हायड्रोक्विनोनची क्रीमं वर्षानुवर्षं चोपडणाऱ्या बायकांच्या गालांवर निळे-काळे डाग उठत आहेत. काळा डाग घालवायला निघाले आणि निळा-काळा घेऊन आले! तो जाता जात नाही. पुढे १९९० साली दक्षिण आफ्रिकेने सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली, २००१ साली युरोपने, आणि अमेरिकेतही २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. बाईंच्या 'तरी बंद'मागे एवढा इतिहास होता.

ट्यूब घरी आली आणि खरी अडचण सुरू झाली. डाग एकाच्या गालावर असतो, पण ट्यूब कुटुंबाची असते. आपल्या घरांत टूथपेस्ट, कंगवा आणि मलम यांना वैयक्तिक मालमत्ता समजत नाहीत. पहिल्याच आठवड्यात आईने "बघू गं, माझ्या गुडघ्यांना थोडं" म्हणून हात पुढे केला. काकूंना कोपरांसाठी हवं होतं. चिरंजीवांना मुरुमांच्या खुणांसाठी. ते स्वतः मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड लावतात, आणि ते नि हायड्रोक्विनोन एकत्र आलं तर कातडीवर तात्पुरता का होईना, गडद डाग पडतो, हे त्यांना खोक्यातला कागद वाचून दाखवल्यावर ते आपल्या खोलीत गेले. हिच्या धाकट्या भावाची मान काळी आहे. लहानपणापासून त्याच्या आईने ती वजरीने घासली, वाढत्या वयात बायकोने घासली. त्याने ट्यूब मागितली तेव्हा हिने त्याला बाईंकडेच धाडलं. बाईंनी मानेवरून बोट फिरवलं. कातडी जाडसर आणि मखमलीसारखी लागली. त्या म्हणाल्या, "हा मळ नाही. मानेला काहीही लावू नका. आधी वजनकाट्यावर उभे राहा आणि उद्या उपाशीपोटी साखर तपासा." साखर वाढलेली निघाली. इतकी वर्षं मान ओरडून सांगत होती, आणि घरचे तिला वजरीने गप्प करत होते.

हिने ट्यूब लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली. किल्ली कमरेला. कालनिर्णयवर जिथे आम्ही गॅस लावल्याची तारीख लिहितो, तिथे 'ट्यूब सुरू' आणि बारा आठवडे पुढे 'ट्यूब बंद' असं लाल शाईने लिहून टाकलं. आमच्या घरात अशी मुदत ठेवीसारखी वागणूक मिळालेलं हे एकच औषध.

सातव्या आठवड्यात माझी भाची आली.

भाची हिंजवडीला नोकरी करते, स्वतः कमावते, स्वतःची गाडी चालवते. तिचं लग्नाचं पाहणं सुरू होतं. ताईने बायोडेटा तयार केला होता आणि त्यात 'वर्ण' नावाचा एक रकाना होता. या रकान्यावर एकदा कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. आपल्या जाहिरातींत मुली गोऱ्या असतात, निमगोऱ्या असतात, उजळ असतात, गव्हाळ असतात. सावळी शंभरात एखादी, आणि काळी अजून जन्माला यायची आहे. त्यात 'गव्हाळ' हा तर कमालीचा शब्द. कुठला गहू? सिहोर, लोकवन का खपली? ज्या घरात काळ्या पाषाणाच्या विठोबासाठी एकादशीला डोळे भरून येतात, त्याच घरात द्वादशीला सुनेसाठी सिहोर शोधतात. ताईने 'गव्हाळ' लिहिलं होतं, आणि भाचीने त्या शब्दाला जागण्यासाठी मैत्रिणीच्या सांगण्यावरून एक ट्यूब सुरू केली होती. तीच, तीन औषधांची, लाल रेघेची. सबंध चेहऱ्याला, दोन वेळा, सात महिने.

दारात ओढणी सोडली तेव्हा मी तिला ओळखलं ते आवाजावरून. गाल भाजल्यासारखे लाल, त्यावर बारीक पुरळ, कानशिलांपासून हनुवटीपर्यंत कोवळी लव, आणि गालावर लाल दोऱ्यांसारख्या शिरा. ट्यूब दोन दिवस बंद केली की चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा लावायची, आणि लावली की दोन दिवस बरं. रविवारी मुलाकडची माणसं येणार होती. ती हिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामी, तुझी ट्यूब दे ना. चारच दिवस."

आमची ही कुणालाही नाही म्हणत नाही. शेजारी साखर मागायला आले तर ही वर चहापूडही देते. पण तिने त्या दिवशी किल्ली हातात घट्ट धरली आणि म्हणाली, "नाही. चल, उठ." तसंच तिला गाडीवर मागे बसवून बाईंकडे घेऊन गेली. मी पिशवी न घेताच मागून गेलो.

बाईंनी भाचीला रागावलं नाही. "पहिल्या आठ दिवसांत चेहरा छान झाला होता ना?" एवढंच विचारलं. भाचीने मान हलवली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. स्टेरॉइड लावलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, चेहरा फिका पडतो, आणि त्या फिकेपणालाच आपण गोरेपणा म्हणतो, असं बाईंनी समजावलं. पुढे कातडी पातळ होते, मुरुम येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही, आणि बंद केलं की आग. असे चेहरे आपल्या देशात इतके झाले, की या दुखण्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' हे नावच भारतीय डॉक्टरांनी दिलं. ते तिहेरी मिश्रण मुळात विष नव्हे. डॉक्टरच्या नजरेखाली, फक्त डागावर, काही आठवडेच वापरायचं ते औषध आहे. भाचीच्या चेहऱ्यावर तर डागच नव्हता. वड्याचं तेल कशावर निघालं, एवढाच प्रश्न.

"रविवारपर्यंत?" भाचीने विचारलं.

"रविवारपर्यंत नाही. काही महिने," बाई म्हणाल्या. "मध्ये आणखी लाल होशील. घाबरून पुन्हा ती ट्यूब लावायची नाही. आग झाली तर मला फोन कर. रात्री केलास तरी चालेल."

ताईचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. आईच ती. दुसऱ्या दिवशी ती एक डबी घेऊन आली. कुणाच्या तरी जावयाने परदेशातून आणलेली, वर न समजणारी लिपी, आणि तोंडी हमी, "अगदी नैसर्गिक आहे, आठवड्यात गुण." घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. बाईंनी ती डबी टेबलावर ठेवून केरळातल्या मलप्पुरमची हकिकत सांगितली. तिथल्या डॉक्टरांकडे २०२३ च्या सुमारास मूत्रपिंडाचा विकार झालेले रोगी येऊ लागले. लघवीतून प्रथिनं जाताहेत आणि अंगावर सूज. यातल्या बऱ्याच जणांत एक समान धागा निघाला, तो गोरं करणाऱ्या क्रीमचा. क्रीमांत पारा होता. आपल्या नियमांनी प्रसाधनात तो दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त, तोही चुकून आलेला, चालत नाही. पारा कातडीतला रंग थांबवतो खरा, पण तो कातडीपाशी थांबत नाही. ताईने डबी मुकाट्याने परत पिशवीत टाकली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "ही जावयाला परत द्यायची का रे?" मी म्हटलं, "जावयाला नको. मूत्रपिंडं त्यालाही दोनच आहेत."

रविवारचा कार्यक्रम भाचीने स्वतः फोन करून पुढे ढकलला. कारण काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. ताईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खरं ते सांगितलं."

पहिले तीन आठवडे वाईट गेले. ती रात्री गार पाण्याच्या घड्या तोंडावर ठेवून आमच्याकडेच झोपायची, आणि ही उशाशी बसून बँकेतल्या साहेबांच्या नकला करून दाखवायची. एकदा मध्यरात्री दोघी हसताना ऐकू आल्या, तेव्हा मी समजलो की आग कमी होते आहे. दीड महिन्यात पुरळ बसलं. लाली उन्हात गेलं की अजून येते.

मधल्या काळात हिचे बारा आठवडे भरले. डाग पुरते गेले नाहीत, पण माहीत असलेल्यालाच दिसावेत इतके फिकटले. बाई म्हणाल्या, "बंद. सनस्क्रीन आणि छत्री मात्र चालू. उन्हात लाड केलेत तर पुन्हा येतील, वांगाला पत्ता पाठ असतो." घरी येऊन हिने कपाटातून ट्यूब काढली. अजून पाव भरलेली. टोपण उघडलं तर तोंडाशी मलम तपकिरी झालेलं, म्हणजे हवा लागून गेलेलं. आई म्हणाली, "टाकतेस? पैसे पडलेत गं त्याला!" मध्यमवर्गीय घरात पाव भरलेली ट्यूब टाकणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे रिकामी टूथपेस्टसुद्धा लाटण्याने लाटून तीन दिवस चालवतात. पण हिने ती वर्तमानपत्रावर शेवटच्या थेंबापर्यंत पिळली, कागदाचा बोळा केला आणि रिकामी ट्यूब मधोमध कापून मग केरात टाकली. आमची इमारत हिला ओळखून आहे. त्याच संध्याकाळी काकूंनी विचारलंच, "संपली का हो? माझी कोपरं तशीच राहिली."

आणि चौथ्या महिन्यात मुलाकडची माणसं आली. भाचीने बायोडेटातला 'वर्ण'चा रकाना स्वतःच काढून टाकला होता, आणि ताई सकाळपासून त्याच काळजीत. चहा झाला, पोहे झाले. मुलगा आणि भाची गॅलरीत बोलत उभे होते, भाची सावलीच्या बाजूला. मुलाची आई बराच वेळ हिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ताईने डोळ्यांनीच मला खुणावलं, आता काहीतरी येणार. बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर, पट्टी लावून मोजल्यासारखी, चहाच्या रंगाची दोन बेटं होती.

"मुलीने फोनवर सांगितलं होतं तुमच्या डॉक्टरांबद्दल," त्या हिला म्हणाल्या. "मी गेली सहा वर्षं जायफळ लावतेय हो. पत्ता देता का?"

लिहायला कागद सापडेना, तेव्हा ताईने बायोडेटाच उलटा केला.